आधी वारा, मग वल्हं, शेवटी गळ : टेक्ससच्या खाडीत कयाकवरून रेडफिश आणि ट्राउट गरवायला शिकताना

ट्राउट म्हटलं की थंडगार डोंगरी नदीतला मासा डोळ्यांपुढे येतो. टेक्ससच्या खाडीतला ‘स्पेकल्ड ट्राउट’ त्या कुळातला नाही. तो आणि रेडफिश, दोघेही आपल्या घोळीचे आणि ढोम्याचे भाऊबंद आहेत. पाण्याबाहेर काढला की रेडफिश पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून घुमल्यासारखा आवाज काढतो. त्यावरूनच त्याला रेड ड्रम असंही नाव पडलंय. तो आवाज ऐकण्याआधी तो हाताला जाणवतो. पहिल्यांदा जाणवला तेव्हा मला घरची खाडी आठवली, आणि तेव्हापासून इथलं पाणी परकं वाटेनासं झालं.

ह्युस्टन, केटी, शुगर लँडकडून गॅल्व्हस्टन तास-दीड तासावर आहे. शनिवारी पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. माझ्याकडे विचारणा होते ती बहुतेक ‘कुठली कयाक घेऊ’ आणि ‘कुठलं आमिष लावू’ यांची. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. कयाकवरून मासेमारी शिकायची तर आधी वारा आणि पाणी वाचायला शिकावं लागतं. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, आणि पहिल्या दोन फेऱ्यांना रॉड घरी ठेवा असं मी अगदी मनापासून सांगतो.

परवाना आणि कायदा

टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफचा मासेमारीचा परवाना ऑनलाइन मिळतो. खाडीसाठी त्यावर खाऱ्या पाण्याची जोड असलेला प्रकार निवडा. परवान्याचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि 31 ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैत घेतलेला नेहमीचा वार्षिक परवाना दोन महिन्यांत संपतो. 17 वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. भारतातून आई-बाबा आले असतील आणि त्यांनाही गळ टाकायचा असेल, तर एका दिवसाचा परवाना काढता येतो. स्टेट पार्कच्या काठावर उभं राहून मासे गरवायला परवाना लागत नाही हे खरं, पण कयाकवर बसून खाडीत गेलात की लागतो. इथे बऱ्याच जणांची गफलत होते.

मोटर नसलेल्या कयाकची नोंदणी करावी लागत नाही. छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली की करावी लागते.

लाइफ जॅकेट प्रत्येकामागे एक असायलाच हवं, आणि 13 वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घालावं. सीटच्या मागे बांधून ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर हाताला लागत नाही. जॅकेटला शिट्टी अडकवा. पहाटे अंधारात निघणार असाल तर चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा लावा, कारण मोटरबोटवाल्याला तुम्ही दिसतच नसता.

कयाक कशी बघावी

नवशिक्यासाठी 11 ते 12 फुटांची, वर बसायची म्हणजे सिट-ऑन-टॉप कयाक घ्या. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं तर खाडीत ते उपसणं कठीण. वर बसायच्या प्रकारात तळाशी भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप निघून जातं. रुंदी 32 ते 34 इंच असली की मासा ओढताना डगमगत नाही. पायाने चालवायची पेडल कयाक आरामाची खरी, पण गॅल्व्हस्टनच्या उथळ पाण्यात तिचे पंख चिखलाला आणि कालवांच्या खडकांना लागतात. सुरुवातीला साधं वल्हंच बरं. शक्य असेल तर दोनदा भाड्याने घेऊन बघा, मगच विकत घ्या. एकट्याने गाडीच्या टपावर चढवता येत नसेल ती कयाक कितीही चांगली असली तरी गॅरेजमध्येच राहते.

वल्ह्याला दोरी हवीच. वल्हं हातातून सुटून वाऱ्याने वीस हात पुढे गेलं की मग फक्त हातांनी पाणी कापत बसावं लागतं.

वारा

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटीचं भान असतं, आणि इथे तेच भान थोडं फसवतं. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढतं. गॅल्व्हस्टनच्या खाडीत भरती-ओहोटीतला फरक असतो फूट-दीड फूट, आणि कित्येक दिवस तर चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी. इथे पाणी हलवतो तो मुख्यतः वारा. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की तो वारा खाडीतलं पाणी समुद्राकडे ढकलून देतो. भरतीच्या तक्त्यात पाणी दिसतं आणि तुम्ही जाऊन बघता तर चिखल उघडा पडलेला! उलट वसंतात आठवडाभर आग्नेयेचा वारा वाहिला की पाणी गवतात शिरतं आणि रेडफिशही त्याच्यामागे आत जातो.

माझी दुसरीच फेरी. गॅल्व्हस्टन बेटाच्या खाडीकडच्या बाजूने निघालो होतो. वारा दक्षिणेचा, म्हणजे माझ्या पाठीमागून, आणि मी बेटाच्या आडोशाला. काठावर पाणी ताटातल्यासारखं निश्चल. वल्हं मारावं न मारावं तोच कयाक सरसर पुढे जायची, आणि माझ्या मनात आलं की आपल्याला जमायला लागलं. अर्धा मैल गेल्यावर मागे वळून पाहिलं तर किनारा फार लांब गेलेला आणि भोवती लाटांची डोकी पांढरी व्हायला लागलेली. जायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली होती, परत यायला दीड तास लागला. वल्हं थांबवलं की कयाक मागे जायची, म्हणून पाणी प्यायलाही हात मोकळा करता येईना. शेवटी काठाला लागलो तेव्हा बोटं वळत नव्हती.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परतीला वारा मदतीला येतो. आणि वारा जमिनीकडून खाडीकडे असेल तर काठावरच्या निश्चल पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, काठाकाठानेच फिरायचं. पहिलं वर्षभर ताशी 10 मैलांच्या वरचा अंदाज असेल तर जाऊ नका. 15 ला लाटा फुटायला लागतात. अंदाज बघताना तासातासाचा बघा. उन्हाळ्यात पहाट शांत असते आणि दहा-अकरानंतर समुद्रावरून खारे वारे चढतात, म्हणून उजाडायच्या आधी निघून दहापर्यंत परतीला लागायचं. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर मासा गळाला असला तरी निघायचं. हातातला ग्रॅफाइटचा रॉड म्हणजे विजेला आमंत्रण.

पहिली आणि दुसरी फेरी, रॉडशिवाय

पहिली फेरी तळ्यात किंवा ह्युस्टनजवळच्या आर्मंड बायूसारख्या संथ पाण्यात करा. सरळ जाणं, वळणं, मागे येणं हे तासाभरात जमतं. खरा सराव वेगळाच आहे. छातीएवढ्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटी करा आणि परत चढा. पद्धत अशी : कयाक सरळ करा, मधोमध बाजूला या, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत हाणा, पोट कयाकवर आडवं टाका, मग कूस बदलून बूड सीटवर आणा आणि शेवटी पाय आत घ्या. घाईघाईत गुडघा आधी वर टाकायला गेलात की कयाक पुन्हा अंगावर येते. लागोपाठ पाच वेळा जमलं की पुढे जा. ज्याला हे जमत नाही त्याने खाडीत एकट्याने जाऊ नये, पोहता येत असलं तरी.

दुसरी फेरी खाडीत. गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कच्या खाडीकडच्या बाजूला डेना कोव्ह, ओक बायू आणि जेन्किन्स बायू असे आखून दिलेले जलमार्ग आहेत. गवताच्या बेटांमधून जाणारं उथळ पाणी, जवळच जमीन. नुसते फिरा. कालवांचे खडक कुठे आहेत, कुठे तळ टणक आणि कुठे गुडघाभर चिखल, हे वल्हं टोचून बघा. ओहोटीला गवतातून बाहेर पडणारे ओघळ कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून ठेवा. या खुणा पुढे वर्षानुवर्षं कामी येतात.

बेटाच्या पश्चिम टोकाचा सॅन लुईस पास मात्र नवशिक्यांनी वर्ज्य समजावा. तिथे खाडी आणि समुद्र अरुंद तोंडातून एकमेकांत शिरतात. प्रवाह भयंकर ओढीचा आहे आणि तिथे माणसं बुडाली आहेत. जहाजांचा ह्युस्टन शिप चॅनल आणि बार्जेसचा इंट्राकोस्टल कालवा यांपासूनही लांब राहा. मोठ्या जहाजाची लाट ते निघून गेल्यावर काही वेळाने काठाला येते, आणि उथळात आल्यावर उंच होते.

पुढे हात बसला की दक्षिणेला पोर्ट अरॅन्ससजवळच्या लाइटहाउस लेक्सला जरूर जा. काळ्या तिवरांमधून वाटा आहेत, पाणी स्वच्छ आहे, रेडफिश डोळ्यांनी दिसतो. तिवरं पाहून कोकणातल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही.

सामान, मोजकंच

एक रॉड पुरे. सात फुटी, मध्यम-हलक्या ताकदीचा, त्यावर 2500 ते 3000 आकाराचं स्पिनिंग रीळ, 10 ते 15 पौंडांची ब्रेडेड लाइन आणि पुढे दोन-तीन हात 20 पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गरीआधीचा जाड दोरा. लीडर कालवांच्या धारेवर घासतो, म्हणून अधूनमधून त्यावरून बोट फिरवा. खरबरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा.

आमिषं तीनच घ्या. पाव औंसाचा सोनेरी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, गवतात न अडकणारा. रेडफिशला तो खेकड्यासारखा किंवा छोट्या माशासारखा दिसत असावा, पण चालतो हे नक्की. दुसरं, शेपटी हलणारा मऊ प्लास्टिकचा मासा, आठवा भाग औंसाच्या जिग हेडवर, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गरीवर. तिसरं, पॉपिंग कॉर्क म्हणजे पाण्यावर तरंगणारं बूच, आणि त्याखाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोलंबी. नवशिक्याला मासा हमखास दाखवायचा तर हा तिसरा प्रकार. कॉर्कला झटका दिला की ‘डुब्ब’ असा आवाज होतो, पाण्यावर खात्या ट्राउटसारखा, आणि आसपासचा ट्राउट बघायला येतो. कोलंबी शिंगाखाली, डोक्यातल्या काळ्या ठिपक्याच्या पुढून गरीवर लावा. काळ्या ठिपक्यातून गरी गेली तर ती मरते.

शिवाय फायबरची सहा-सात फुटी काठी आणि छोटी दोरी बरोबर ठेवा. मासे सापडले की काठी चिखलात खोचून कयाक तिला बांधायची. नांगरापेक्षा आवाज कमी, आणि सोडवायला सोपं. लांब पक्कड, मोजपट्टी, दोन लिटर पाणी, लांब बाह्यांचा शर्ट, फोन जलरोधक पिशवीत. घरी कुणाला तरी लिहून द्या : कुठून उतरतोय, किती वाजता परत.

मासा कुठे असतो

रेडफिशचं तोंड खालच्या बाजूला असतं. तो तळातले खेकडे, कोलंबी उकरून खातो, म्हणून फूट-दीड फूट पाण्यात, गवताच्या कडेला, कालवांच्या खडकांवर शोधावा. खाली तोंड घालून खाताना त्याची शेपटी पाण्याबाहेर येते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती तांब्याच्या रंगाची दिसते, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. ते दृश्य पहिल्यांदा दिसलं की हात थरथरतो आणि चमचा नेमका माशाच्या डोक्यावर पडतो. तसं करू नका. तो ज्या दिशेने चाललाय तिकडे चार-पाच हात पुढे टाका आणि ओढत त्याच्या वाटेत आणा.

शेपटी दिसली नाही तर बोय बघा. बोयांची झुंड घाबरून एकदम फुटली, किंवा कोलंब्या पाण्यावर टिपटिप उडाल्या, तर खाली कुणीतरी आहे.

ट्राउट याहून खोल, दोन ते पाच फुटांत, समुद्री गवताच्या मोकळ्या पट्ट्यांवर किंवा कालवांच्या खडकांच्या उतारावर असतो. वसंतात आणि शरदात पक्ष्यांचा थवा एका जागी ओरडत पाण्यावर झेपावत असेल, तर बहुधा खाली ट्राउट कोलंबीला वर हाकतोय. थव्याच्या मधोमध जाऊ नका, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, थांबून कडेने टाका. आणखी एक खूण मला फार आवडते. ट्राउट भरपेट खाऊन अर्धवट खाल्लेलं ओकतो, त्याचं तेल पाण्यावर येतं आणि ताटलीएवढा गुळगुळीत डाग दिसतो. त्याला चक्क कलिंगडासारखा वास येतो. आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना दिसतं. डाग छोटा असेल तर मासा तिथेच आहे. मोठा पसरला असेल तर तो वाऱ्याने वाहत आलेला, वरच्या बाजूला शोधा.

दोघांनाही हलतं पाणी लागतं. भरती चढताना किंवा उतरताना खातात, पाणी थबकलं की तेही थबकतात. ओहोटी लागली की ज्या ओघळांच्या खुणा दुसऱ्या फेरीत केल्या होत्या त्यांच्या तोंडाशी काठी रोवून बसा. गवतातलं खाणं पाण्याबरोबर बाहेर येतं आणि रेडफिश दारात उभा असतो.

हे सगळं करताना वल्हं कयाकच्या कडेवर आपटू नका. उथळ पाण्यात तो आवाज मासा लांबून ऐकतो.

मासा लागल्यावर

ट्राउटचं तोंड कागदासारखं नाजूक. जोरात हिसका दिला की गरी फाडून निघते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना त्याला धरणारा ब्रेक, सैल ठेवा, रॉड वाकलेला ठेवा, तो डोकं हलवत पाण्यावर आला तर टोक खाली घ्या. वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे असतात, बोट घालू नका.

रेडफिशची गोष्ट वेगळी. तो पहिल्या धावेत कयाकलाच ओढत नेतो. नेऊ द्या, कयाक हाच तुमचा ड्रॅग. रॉडचं टोक कयाकच्या नाकाकडे ठेवायचं. आडवा धरलात आणि मासा कयाकखाली गेला तर रॉड मोडतो, नाहीतर तुम्ही कलंडता. दोन-तीन धावांनंतर तो कुशीवर येतो. जाळीत डोक्याकडून घ्या, आणि पाय दोन्ही बाजूंना टाकून बसलात तर तोल जात नाही.

रेडफिश 20 ते 28 इंचांमधलाच ठेवता येतो, दिवसाला तीन. ट्राउट 15 ते 20 इंचांमधला, तोही तीन, हा नियम 2024 पासूनचा. 2021 च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीत खाडीत लाखो मासे मेले, ट्राउटला त्यात मोठा फटका बसला, म्हणून मर्यादा आवळत गेली. 28 इंचांपेक्षा मोठ्यासाठी परवान्यासोबतच्या टॅगचे वेगळे नियम आहेत. दर सप्टेंबरला नवे नियम वाचा. मोजताना तोंड मिटलेलं, शेपटीची टोकं चिमटीत एकत्र धरलेली. आणि काठावर येईपर्यंत माशाचं डोकं-शेपूट कापायचं नाही, तसा कायदा आहे.

मोठा रेडफिश सोडून द्यायचा तो का, हे समजून घ्या. 28-30 इंचांपर्यंत वाढला की तो खाडी सोडून समुद्रात जातो आणि तिथे अंडी घालतो, चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. 1970 च्या दशकात जाळ्यांनी हा मासा इथे अगदी कमी झाला होता. 1981 मध्ये टेक्ससने रेडफिश आणि ट्राउट यांची व्यापारी पकड आणि विक्री बंद केली, पुढे हॅचरीत पिल्लं वाढवून खाडीत सोडली, तेव्हा कुठे आज आपल्याला तो मिळतोय. सोडताना हात ओले करा, शेपटीच्या मुळाशी धरून पाण्यात सरळ ठेवा, तो स्वतः हिसका देऊन जाईपर्यंत.

पायाखाली आणि हाताला

उतरून चालायचं असेल तर बूट घाला आणि पाय उचलून न टाकता तळावर घासत चला. पाकट वाळूत दडलेली असते. धक्का लागला तर निघून जाते, अंगावर पाय पडला तर काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा. शिंगाळ्याच्या जातीचा हार्डहेड कॅटफिश गळाला लागणारच. त्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी आहेत, पकडीनेच सोडवा.

कालवांनी कापलं किंवा आधीची जखम असेल तर उन्हाळ्यात विशेष जपा. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना त्यांचा संसर्ग जिवावर बेततो. उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका. नवी झाली तर लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. जखम लाल होऊन झपाट्याने सुजायला लागली तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि खाडीत गेलो होतो हे डॉक्टरांना सांगा.

घरी आल्यावर

मासा पकडल्यापासून बर्फात हवा. टेक्ससच्या उन्हात अर्ध्या तासात त्याची चव जाते. शिप चॅनल आणि गॅल्व्हस्टन खाडीच्या वरच्या भागातले काही मासे खाण्याबाबत राज्याच्या आरोग्य खात्याच्या सूचना आहेत, त्या पाहूनच ठेवा.

रीळ आणि रॉड गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. मग वही काढा : तारीख, वारा, पाणी चढतं की उतरतं, मासा कुठल्या खुणेवर. मासा मिळाला नाही त्या दिवसाचंही लिहा.

ट्राउटचं मांस मऊ, ढोम्यासारखं. हळद, मीठ, आगळ लावून रव्यात तळा, त्याच दिवशी. फ्रीझरमध्ये ते भुगा होतं. तुकड्यात कधी बारीक पांढरी अळी दिसते. माणसाला ती बाधत नाही, सुरीच्या टोकाने काढून टाका. रेडफिश घट्ट, कालवणात तुटत नाही, तिरफळ घातलेलं वाटण तो छान धरतो. इथले लोक त्याचा खवल्यांसकट अर्धा भाग तसाच निखाऱ्यावर ठेवतात, खवल्यांची बाजू खाली. खवली करपून कडक होतात, वर मांस वाफेवर शिजतं, आणि चमच्याने थेट त्यातूनच काढून खाता येतं. वर लिंबाऐवजी थोडं कोकमाचं आगळ आणि लसूण घालून बघा.